मोटर फिरते, पण पाणी चढत नाही : जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदींतून नव्या अडचणीवर सल्ला देणारी प्रणाली कशी उभारावी

गोव्यात फोंड्यातल्या कुळागरात किंवा सत्तरीतल्या बागायतीत विहिरीवरची मोटर नुसतीच फिरत राहते आणि पाणी देत नाही, तेव्हा जाणता मेकॅनिक लगेच पाना हातात घेत नाही. आधी विचारतो : पाणी भरलं तर टिकतं की उतरतं? विहीर किती खाली गेलीय? गेल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं का? त्या वेळी तो सूत्रे मांडत नसतो, 'अशीच एक मोटर मागे आली होती' हे आठवत असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेत नेमकी हीच रीत वापरणारी एक जुनी आणि भक्कम पद्धत आहे. तिचे नाव केस-बेस्ड रिझनिंग. मराठीत 'प्रकरणाधारित तर्क' म्हणता येईल, पण बोलताना सगळे सीबीआरच म्हणतात.

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रॉजर शँक यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या स्मृतीविषयीच्या विचारातून ही पद्धत वाढली. त्यांच्याच गटातल्या जॅनेट कोलोडनर यांनी १९८३ च्या सुमारास 'सायरस' ही प्रणाली बांधली. आज सगळीकडे शिकवली जाणारी चार पावले आग्नार आमोट आणि एन्रिक प्लाझा यांनी १९९४ मध्ये एका चक्रात बसवली : जुळते जुने प्रकरण शोधा, त्याचे उत्तर वापरा, ते तपासून सुधारा, आणि नवा अनुभव जपून ठेवा. हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरण पंपदुरुस्तीचे घेतले आहे, कारण त्यात चूक झाली तर ती आठ दिवसांत दिसते आणि शिकणाऱ्याला इतकी लवकर शिकवणी दुसरीकडे मिळत नाही. सुरुवातीला एक साधी स्प्रेडशीट आणि नीट लिहिलेल्या ४० ते ५० नोंदी पुरतात.

नोंद कशी लिहायची

एका केसचे तीन भाग : अडचण, केलेला उपाय आणि निष्पत्ती. दुकानातली बिलबुके काढून बसलात तर त्यांत फक्त मधला भाग सापडतो. 'फूटव्हॉल्व बदलला, मजुरी इतकी' एवढेच (फूटव्हॉल्व म्हणजे सक्शन पाइपच्या तळाची, पाणी परत उतरू न देणारी झडप). मोटर कशासाठी आली होती आणि नंतर नीट चालली का, हे कुठेच नसते. म्हणून बिलबुकावरून केसेस तयार करण्याचा मोह टाळा आणि नवी वही सुरू करा. दोन महिन्यांत जमलेल्या ४० पुऱ्या नोंदी दहा वर्षांच्या अर्धवट नोंदींपेक्षा कितीतरी उपयोगी पडतात.

अडचणीच्या भागात सहा रकाने ठेवा : लक्षण, पाण्याचा स्रोत, सक्शनची उंची (पंपाला पाणी किती वर ओढावे लागते), व्होल्टेज, प्रायमिंग केल्यावर (पंपात आधी पाणी भरल्यावर) काय होते, आणि महिना. त्याहून जास्त रकाने ठेवले तर घाईच्या दिवशी कोणी भरत नाही. रिकाम्या रकान्यांची वही म्हणजे नसलेली वही.

लक्षणाचा रकाना सर्वांत नाजूक. गिऱ्हाईक सांगते 'उदक येना', दुसरा म्हणतो 'पाणी चढत नाही', तिसरा 'मोटर हवा धरते'. तिन्ही तक्रारी एकच आहेत, पण संगणकाला त्या तीन दिसतात. त्यामुळे दोन रकाने करा. एकात गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात ठरावीक यादीतले एक लक्षण. यादी आठ-दहा लक्षणांची पुरे : 'फिरते, पाणी नाही', 'गुणगुणते, फिरत नाही', 'पाणी कमी', 'ट्रिप होते', 'आवाज करते', 'शॉक लागतो' अशी. मूळ शब्द कधीही पुसू नका. यादी चुकली असे पुढे कळले तर त्याच शब्दांवरून नव्याने वर्गवारी करता येते. स्रोताचेही तसेच : कोणी बांय म्हणेल, कोणी विहीर, कोड एकच.

मोजमापात दोन चुका हमखास होतात. सक्शनची उंची पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजायची असते. लोक विहिरीच्या तळापर्यंत मोजतात किंवा कठड्यापासून मोजतात. दोरीला दगड बांधून सोडा, पाण्याला टेकताच खूण करा, बस्स. दुसरी चूक व्होल्टेजची. मोटर बंद असताना मीटर २२५ दाखवतो आणि चालू केल्यावर तोच १७० वर येतो, कारण घरापासून विहिरीपर्यंत ओढलेली वायर बारीक आणि लांब असते. भार असतानाचाच आकडा लिहायचा, आणि तो जाणकारानेच मोजायचा.

जुळणी : कोणती जुनी केस 'जवळची'?

प्रत्येक रकान्यासाठी ० ते १ असा एक साम्यांक काढायचा. शब्दांच्या रकान्यात जुळले तर १, नाही तर ०. आकड्यांच्या रकान्यात दोन आकड्यांतला फरक त्या रकान्याच्या पूर्ण पल्ल्याने भागायचा आणि उत्तर १ मधून वजा करायचे. सक्शनचा पल्ला १ ते ९ मीटर धरला तर भाजक ८. व्होल्टेजचा १४० ते २६० धरला तर १२०. महिना मात्र चक्रात फिरतो. डिसेंबर आणि जानेवारीत ११ महिन्यांचे नाही, एकाच महिन्याचे अंतर आहे. म्हणून सरळ फरक आणि १२ वजा तो फरक यांतला लहान आकडा घ्या व ६ ने भागा. ही बारीक गोष्ट विसरली की डिसेंबरची केस जानेवारीत उगाच मागे पडते.

मग प्रत्येक रकान्याला वजन द्यायचे. लक्षण ५, स्रोत २, सक्शन ४, व्होल्टेज ३, प्रायमिंग ४, महिना २. एकूण २०. साम्यांक गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, भागिले २०.

प्रत्यक्ष करून पाहू. मे महिना. विहिरीवरची मोटर फिरते, पाणी नाही. सक्शन ७.५ मीटर, व्होल्टेज २१५, प्रायमिंग केल्यावर थोडा वेळ पाणी येते आणि थांबते. वहीतल्या चार जुन्या केसेस समोर ठेवू.

केस १४, ऑगस्टची : तेच लक्षण, विहीर, ३ मीटर, २२० व्होल्ट, भरलेले पाणी उतरून जाते. उपाय, फूटव्हॉल्वचा वायसर बदलला. गणित : ५ + २ + १.७५ + २.८७५ + ० + १ = १२.६२५, म्हणजे ०.६३.

केस ३१, एप्रिलची : तेच लक्षण, विहीर, ७ मीटर, २०५ व्होल्ट, थोडा वेळ येऊन बंद. उपाय, मोटर २ मीटर खाली उतरवली. गणित : ५ + २ + ३.७५ + २.७५ + ४ + १.६७ = १९.१७, म्हणजे ०.९६.

केस ९, फेब्रुवारीची : तेच लक्षण, विहीर, ५.५ मीटर, २२० व्होल्ट, थोडा वेळ येऊन बंद. उपाय, सक्शन पाइपचा जोड नव्याने बसवला, तो हवा ओढत होता. गणित : ५ + २ + ३ + २.८७५ + ४ + १ = १७.८७५, म्हणजे ०.८९.

केस २२, मे महिन्याची : मोटर गुणगुणते, फिरत नाही. विहीर, ४ मीटर, १६५ व्होल्ट. प्रायमिंगचा प्रश्नच आला नाही, रकाना रिकामा. उपाय, कॅपॅसिटर बदलला. रिकाम्या रकान्याचे वजन भाजकातूनही काढायचे, म्हणजे २० ऐवजी १६. गणित : ० + २ + २.२५ + १.७५ + २ = ८, भागिले १६, म्हणजे ०.५०.

या चार आकड्यांकडे नीट बघा, शिकण्यासारखे बरेच आहे. केस २२ चे लक्षणच वेगळे, तरीही तिला अर्धे गुण मिळाले, कारण विहीर, महिना असल्या किरकोळ गोष्टी जुळल्या. म्हणून लक्षणाला नुसते वजन देऊन भागत नाही. ते चाळणीसारखे वापरा : लक्षण जुळत नसेल तर ती केस स्पर्धेतच नको. एकदा चाळणी लावली की लक्षणागणिक वेगळी वजनेही देता येतात, आणि द्यावीतच. 'फिरते, पाणी नाही' यात सक्शन मोठे, 'गुणगुणते, फिरत नाही' यात व्होल्टेज मोठे. एकच वजनयादी सगळ्या रोगांना लावणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक असते.

केस १४ ला ०.६३ मिळाले. पुस्तकी सवयीने कोणी '०.६ च्या वरचे सगळे दाखवा' अशी सीमा ठेवली असती, तर मे महिन्यात पावसाळ्यातला उपाय पडद्यावर आला असता. सीमा अंदाजाने ठेवायची नसते, ती वहीवर चाचणी घेऊन ठरते; त्याबद्दल खाली.

शिवाय महिना आणि सक्शन हे रकाने एकमेकांशी बांधलेले आहेत. आपल्याकडे जूनपासून विहिरी भरतात आणि एप्रिल-मेपर्यंत उतरतात. दोन्हींना भारी वजन दिले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. महिन्याचे वजन कमी ठेवले आहे ते यासाठी.

दोन केसेस वेगळे सांगतात तेव्हा

०.९६ आणि ०.८९ यांत फारसे अंतर नाही, पण उपाय अगदी वेगळे. एकात मोटर खाली उतरवायची, दुसऱ्यात जोड घट्ट करायचा. पहिल्या क्रमांकाची केस डोळे झाकून उचलणारी प्रणाली इथे गिऱ्हाइकाचे पैसे बुडवते. नियम असा ठेवा की सीमा ओलांडणाऱ्या वरच्या तीन केसेस नेहमी एकत्र दाखवायच्या, आणि त्यांचे उपाय जुळत नसतील तर त्यांना वेगळे करणारी सर्वांत स्वस्त तपासणी आधी सुचवायची. इथे ती पंधरा मिनिटांची आहे. सक्शन पाइपच्या प्रत्येक जोडाला साबणाचा दाट फेस लावा आणि मोटर चालवा. जोड हवा ओढत असेल तर फेस आत खेचला जातो. तसे झाले तर केस ९. फेस जागचा हलला नाही तर केस ३१ कडे वळा.

ही तपासणी केसमध्येच लिहून ठेवायची असते. 'कारण कसे पक्के केले' असा एक रकाना उपायाच्या भागात हवा.

उपाय जसाच्या तसा उचलू नका

समजा फेस हलला नाही. केस ३१ सांगते 'मोटर २ मीटर खाली घ्या'. तिथे ७ मीटरचे ५ झाले होते. आपल्याकडे ७.५ आहेत, २ मीटर उतरवून ५.५ होतील. चालेल कदाचित, पण मे अजून संपलेला नाही, पाणी आणखी उतरणार. उपाय नुसता आकडा म्हणून साठवला की असे होते. साठवायला हवे होते ते उद्दिष्ट आणि कारण : 'सक्शन ५ मीटरवर आणले, कारण पंप त्याहून वर पाणी नीट ओढेना'. हवेच्या दाबाने पाणी तत्त्वतः १०.३ मीटर चढते, पण घर्षण, गळती आणि पाण्याची वाफ जमेस धरता साध्या मोनोब्लॉक पंपाची व्यवहारातली मर्यादा सुमारे ७ मीटर. हे कारण केसमध्ये असेल तर नव्या जागेसाठी आकडा आपोआप निघतो : ७.५ वजा ५, म्हणजे २.५ मीटर.

बदल करताना काय बिघडते याचे या क्षेत्रातले नामांकित उदाहरण १९८६ च्या सुमाराचे आहे. क्रिस्टियन हॅमंड यांची 'शेफ' ही प्रणाली चिनी पाककृती जुळवून नव्या बनवायची. तिने गोमांस आणि फरसबीच्या कृतीत फरसबीच्या जागी ब्रोकोली घातली. मांसाला सुटलेल्या पाण्यात ब्रोकोली मऊ पडली. प्रणालीने कारण शोधले, दोन्ही वेगवेगळे परतायचे ठरवले, आणि पुढच्या वेळी ही अडचण आधीच ओळखता यावी अशी खूण ठेवली. अदलाबदल करताना नव्या घटकाचे वागणे जुन्यासारखे आहे का, एवढे तरी विचारलेच पाहिजे.

आपल्या मोटरला तो प्रश्न विचारा. मे महिन्यात विहिरीत २.५ मीटर खाली कप्प्यावर बसवलेली मोटर जुलैत कुठे असेल? पाण्याखाली. एप्रिलमध्ये यशस्वी ठरलेली केस ३१ मृगानंतर मोटर जळण्याचे कारण होऊ शकते. त्यामुळे नव्या उपायात साखळीची कप्पी किंवा वर-खाली सरकवता येणारी चौकट हवी, आणि ३१ मे च्या आत मोटर वर घेण्याची आठवण. पाणी दर वर्षी इतके उतरत असेल तर सबमर्सिबल पंपाचा विचार करावा, त्याला ओढायची मर्यादाच नसते, तो पाण्यात बसून वर ढकलतो.

सुरक्षेच्या गोष्टी मात्र केसेसवर सोडू नका. एमसीबी (विजेचा मुख्य स्विच) बंद केल्याशिवाय झाकण उघडू नये, कॅपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नये, अर्थिंग नसेल तर मोटर चालू करून देऊ नये. हे पक्के नियम प्रत्येक सल्ल्यावर वर छापलेले असावेत. अनुभवातून शिकणाऱ्या यंत्राला शॉकचा अनुभव घेऊ द्यायचा नसतो.

निष्पत्ती दोनदा लिहायची

मोटर चालू झाली, पाणी आले, गिऱ्हाईक गेले. इथे 'यशस्वी' लिहून वही मिटली तर सगळी मेहनत वाया. वरच्या केस २२ चे घ्या : कॅपॅसिटर बदलला आणि मोटर फिरली, पण व्होल्टेज १६५ होते. आठवड्यात तीच तक्रार परत आली, कारण रोग कॅपॅसिटरचा नव्हता, वायरचा होता. म्हणून निष्पत्तीसाठी दोन तारखांचे रकाने ठेवा, एक त्याच दिवसाचा आणि एक ६० दिवसांनंतरचा. एक फोन पुरतो. उन्हाळ्यात केलेल्या कामांसाठी दुसरी विचारणा गणेश चवथीच्या आसपास करा, तोवर विहिरी भरलेल्या असतात आणि खरा निकाल लागलेला असतो.

फसलेल्या केसेस काढून टाकू नका. त्यांना 'इशारा' अशी खूण करा आणि जुळल्या की लाल अक्षरांत दाखवा. 'असेच लक्षण होते, हा उपाय केला, आठ दिवसांत परत आले' हे वाक्य मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचवते.

काय जपायचे, काय सोडायचे

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना घरातली बाई सगळेच साठवत नाही, पावसात टिकेल आणि लागेल तेच भरते. इथेही तसेच. नवी केस आधीच्या केसशी ०.९५ च्या वर जुळत असेल, उपायही तोच आणि निष्पत्तीही तीच, तर नवी ओळ न घालता जुन्या केसच्या 'किती वेळा' या रकान्यात एक वाढवा. नाहीतर फूटव्हॉल्वच्या २०० नोंदी होतील आणि शोध हळू पडेल. उलट, एकुलती एक वेगळी केस, उदाहरणार्थ किनाऱ्यावरच्या मांद्रे-हरमलकडे खाऱ्या वाऱ्याने स्टार्टरचे कॉन्टॅक्ट गंजल्याची, वर्षात एकदाच लागली तरी कधीही काढू नका. बॅरी स्मिथ आणि मार्क कीन यांनी १९९५ मध्ये हेच दाखवले की केस वगळताना तिचा वापर किती झाला यापेक्षा ती गेल्यावर कोणता प्रश्न अनुत्तरित राहील हे पाहावे.

लोकांना देण्याआधी चाचणी

४० केसेस असतील तर एक बाजूला काढा, उरलेल्या ३९ ना तिचा प्रश्न विचारा, आणि वरच्या तीन उत्तरांत खरा उपाय येतो का ते लिहा. असे चाळीसही वेळा करा. स्प्रेडशीटमध्ये अर्धा दिवस लागतो, पायथन ही संगणकाची भाषा थोडी येत असेल तर तासाभराचे काम. जिथे उत्तर चुकले तिथे थांबून कारण शोधा : वजन चुकीचे, रकाना कमी पडला, की तशी दुसरी केसच नाही? तिसरे कारण असेल तर वजनांशी खेळत बसू नका, केस मिळेपर्यंत वाट पाहा. बरोबर आलेल्या उत्तरांचे गुण आणि चुकलेल्यांचे गुण शेजारी मांडले की 'याखाली काहीच सुचवू नये' ही सीमाही इथेच दिसते. तिच्या खाली प्रणालीने स्पष्ट म्हणावे : 'अशी केस वहीत नाही'.

हल्ली मोठी भाषा-प्रारूपे (चॅटजीपीटीसारखी) हाताशी आहेत. गिऱ्हाइकाचे कोकणी-मराठी मिसळलेले बोलणे वाचून सहा रकाने भरायला ती फार चांगली. पण जुळणीचे गणित आणि केसेस स्वतःकडे ठेवा. प्रारूप विचारल्यावर पटणारे उत्तर देईल, पण ते कोणत्या विहिरीवर खरे ठरले होते हे सांगू शकणार नाही.

पडद्यावर सल्ल्याशेजारी मूळ केस पूर्ण दिसली पाहिजे : क्रमांक, महिना, आकडे, कारण कसे पक्के केले, ६० दिवसांनी काय झाले. आणि खाली मेकॅनिकसाठी एक रिकामी ओळ, 'पटले नाही, कारण...'. सुरुवातीच्या तीन महिन्यांत त्या ओळीत जे लिहिले जाते त्यातूनच सातवा रकाना कोणता हवा ते कळते. बहुतेक वेळा तो पाइपचा व्यास निघतो.